गोठ्यातला मिथेन कमी करायचा तर आधी कोठीपोट सांभाळा

निवांत बसलेली गाय रवंथ करता करता मान किंचित ताणते, घशाशी हलकी हालचाल होते आणि ती पुन्हा चघळू लागते. त्या ढेकरेतून मिथेन बाहेर पडतो. जनावर मागून जो वायू सोडतं त्यात मिथेनचा वाटा अगदी थोडा असतो. पचनातल्या मिथेनपैकी दहातले नऊ भाग तोंडा-नाकावाटेच जातात.

हा वायू हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. म्हणजे प्रश्न मोठा आहे. पण दोन ते वीस जनावरं सांभाळणाऱ्या माणसाला हवामानाचे आकडे ऐकवून काही हाती लागत नाही. त्याच्या कामाची गोष्ट ही, की गाय जी ऊर्जा खाते तिच्यातली सहा-सात टक्के या ढेकरांतून उडून जाते, आणि तो चारा त्याने पैसे मोजून आणलेला असतो.

या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पुढची पायरी आधीची झाल्याशिवाय फारसं फळ देत नाही. अनेक जण थेट बाजारातल्या पूरक पावडरीच्या पुडीपासून सुरुवात करतात, म्हणून हे आधीच सांगतो.

कोठीपोटात काय चालतं

जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट, डॉक्टर ज्याला रुमेन म्हणतात. मोठ्या गाईत तो शंभर लिटरहून जास्त मावेल इतका असतो. आत ३९ अंशांच्या आसपास तापमान, ओलावा, काळोख, आणि प्राणवायू जवळपास नाहीच. तिथल्या एका मिलिलिटर पाण्यात हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. शिवाय प्रोटोझोआ असतात, बुरशी असते, आणि आर्किया नावाचा एक वेगळाच गट असतो.

कडब्यातला तंतू फोडायचं काम गाईचं शरीर करत नाही, हे सूक्ष्मजीव करतात. तो फोडताना तीन मुख्य आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. गाय तीच शोषून घेते आणि त्यावर जगते. ॲसिटेटपासून दुधातलं फॅट बनतं. प्रोपिओनेटपासून यकृतात साखर बनते, आणि दूध किती निघणार हे बरंचसं त्या साखरेवर ठरतं. पुढे हेच सूक्ष्मजीव वाहत खालच्या पोटात जातात, तिथे पचतात आणि गाईला प्रथिनं देतात. साध्या चाऱ्यावरच्या गाईच्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक अशी सूक्ष्मजीवांमधूनच येतात.

मिथेनचा संबंध येतो तो हायड्रोजनमुळे. ॲसिटेट आणि ब्युटिरेट बनताना हायड्रोजन सुटतो, प्रोपिओनेट बनताना तो वापरला जातो. उरलेला हायड्रोजन कोठीपोटात साचला तर सगळी आंबवण्याची क्रिया मंदावते. तो साचू नये म्हणून आर्किया त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग करतात आणि मिथेन बनवतात. म्हणजे आर्किया काही रोगजंतू नव्हेत, ते कोठीपोट चालू ठेवतात. त्यांना नुसतं मारून भागत नाही. हायड्रोजन कमी सुटेल किंवा दुसरीकडे वापरला जाईल अशी सोय करावी लागते, आणि ती सोय मुख्यतः गव्हाणीत काय पडतं यावर होते.

२०१५ मध्ये एक मोठा जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ देशांतल्या, ३२ प्रकारच्या प्राण्यांचे ७४२ नमुने त्यात तपासले होते. जगात कुठेही जा, रवंथ करणाऱ्यांच्या पोटातली मुख्य सूक्ष्मजीव मंडळी बरीचशी तीच निघाली. कोण किती संख्येने असणार, यावर सगळ्यात जास्त प्रभाव खाण्याचा दिसला. त्यामुळे ‘आमच्या पावडरीत खास जिवाणू आहेत’ असं कुणी सांगितलं, तर हा अभ्यास आठवावा.

पायरी १: लिटरमागे किती मिथेन, हे काढा

गोठ्यात मिथेन मोजायचं यंत्र परवडणारं नाही, पण अंदाज कागदावर निघतो. आंतरराष्ट्रीय हिशेबात पीकअवशेषांवर पोसलेल्या गाईसाठी खाल्लेल्या एकूण ऊर्जेच्या साडेसहा टक्के मिथेनमध्ये जातात असं धरतात. एक किलो कोरड्या चाऱ्यात साधारण साडेअठरा मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यावरून सोपा ठोकताळा असा निघतो: एक किलो शुष्क पदार्थ खाल्ला की साडेएकवीस ग्रॅम मिथेन.

शुष्क पदार्थ म्हणजे पाणी वजा करून उरलेला चारा. हिरव्या चाऱ्यात तो वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका, मुरघासात (हवाबंद साठवून आंबवलेल्या चाऱ्यात) तीस टक्क्यांच्या आसपास, आणि कडबा-पेंडीत नव्वद टक्के धरा.

आता दोन गाई घेऊ. पहिली दिवसाला १२ किलो शुष्क पदार्थ खाते आणि १० लिटर दूध देते. तिचा मिथेन २५८ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे २६ ग्रॅम. दुसरी ९ किलो खाते आणि ४ लिटर देते. तिचा मिथेन १९४ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ४८. गोठ्यातून २० लिटर दूध काढायचं तर पहिल्यासारख्या दोन गाई पुरतात आणि दिवसाला ५१६ ग्रॅम मिथेन जातो. दुसरीसारख्या पाच लागतात, त्यांचा मिथेन ९७० ग्रॅम होतो आणि चाराही जवळपास दुप्पट लागतो. भाकड गाय ८ किलो खाऊन १७२ ग्रॅम सोडते, आणि तिच्या नावावर दुधाचा थेंबही नसतो.

आपल्याकडे मिथेन कमी करण्याची सगळ्यात मोठी जागा याच आकड्यांत आहे. परदेशात गाय आधीच तीस-पस्तीस लिटर देते, म्हणून तिथे कोठीपोटात रसायन घालण्याची पाळी येते. आपल्याला त्याआधी बरंच काही करता येतं.

देशी गाय लिटरच्या हिशेबात मागे पडते हे खरं. पण ती कमी खाते, ऊन सोसते आणि काही घरांत शेणखत-बैलांसाठीच ठेवलेली असते. तिचा हिशेब केवळ दुधावर करू नका.

पायरी २: कोठीपोट तपासायला शिका

याला पैसा लागत नाही, पण घाईने हे काम होत नाही.

गाईच्या डाव्या अंगाला, शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडामधे एक खळगा असतो. त्याला भूक खळगा म्हणतात. तिथे मूठ दाबून दोन मिनिटं उभं राहा. निरोगी कोठीपोटाची हालचाल या वेळात दोन-तीनदा हाताला जाणवते: खालून काहीतरी वर सरकतं, मूठ किंचित बाहेर लोटली जाते आणि पुन्हा सैल पडते. लाट एकदाच आली किंवा आलीच नाही तर पचन मंदावलं आहे. खळगा खोल गेलेला असेल तर जनावर पोटभर खात नाही. ढोलासारखा ताणलेला असेल तर पोटफुगी आहे, लगेच डॉक्टरांना बोलवा.

दुपारी दहा गाई बसलेल्या असतील तर त्यातल्या निदान सहा रवंथ करताना दिसायला हव्यात. एका घासाचे चावे मोजा. पन्नास ते सत्तर पडले तर तंतू पुरेसा जातो आहे. चाळीसच्या खाली गेले तर कुट्टी फार बारीक आहे किंवा पेंडीचा मारा जास्त आहे.

तिसरी तपासणी शेणाची. पिठाची जुनी चाळणी घ्या, तीत ओंजळभर ताजं शेण टाका आणि नळाखाली पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. चाळणीत काय उरतं ते तळहातावर पसरून पाहा. मक्याचे अख्खे किंवा अर्धे दाणे दिसले तर भरडा जाड आहे, आणि तुमचे पैसे शेणात चालले आहेत. बोटाच्या पेराएवढे लांब तंतू दिसले तर ते कोठीपोटात पुरेसे फुटले नाहीत. सूक्ष्मजीवांना प्रथिनं कमी पडत असतील तर असंच होतं. शेणात चिकट, पारदर्शक शेंबडासारखा पदार्थ आला तर आतड्यांना त्रास होतो आहे, आणि बहुधा पेंड जास्त झाली आहे. ही तपासणी महिन्यातून एकदा करा, आणि चारा बदलला की दहा दिवसांनी पुन्हा.

पायरी ३: सूक्ष्मजीवांना प्रथिनं द्या

सगळ्या पायऱ्यांत जास्त वेळ द्यायची ती ही.

एकूण खाण्यात प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या खाली गेली की तंतू फोडणारे जिवाणू उपाशी पडतात. चारा कोठीपोटात पडून राहतो, गाय कमी खाते, आणि जे खाते त्यातून दूध कमी, मिथेन जास्त असं गणित होतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्के, गव्हाच्या काडात तीनच्या आसपास, भाताच्या पेंढ्यातही तेवढीच. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात कित्येक गोठ्यांत वाढ्यांशिवाय, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पानांशिवाय, दुसरं काही पडत नाही. वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात, दिसायला हिरवेगार असतात, पण त्यातली प्रथिनं कमी. शिवाय त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्या महिन्यांत दूध घटतं, गाई उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाहीत, आणि दोष रेतनाला दिला जातो.

उदाहरणादाखल ४०० किलोची, १० लिटर देणारी संकरित गाय घेऊ. तिला २५ किलो वाढे, ३ किलो कडबा आणि ४ किलो गोळी पेंड मिळते. पोट भरतं, पण प्रथिनं जेमतेम पावणेनऊ टक्के बसतात. या दुधाला बारा टक्क्यांच्या वर हवीत. आता वाढे बंद करून १५ किलो मक्याचा मुरघास आणि ८ किलो लसूणघास द्या. कडबा तीन किलोच ठेवा. पेंड साडेतीन किलोवर आणा आणि अर्धा किलो सरकी घाला. शुष्क पदार्थ थोडा कमी होतो, प्रथिनं सव्वाबारा टक्क्यांवर जातात आणि पेंडीचा खर्च अर्ध्या किलोने उतरतो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगावी संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला, त्यात लिटरमागचा मिथेन दहा ते पंधरा टक्के कमी झाल्याचं दिसलं. नवीन चारा विकत न आणता, घरात आहे तोच नीट मिसळून हे साधलं. मंडळाचं ‘पशु पोषण’ नावाचं ॲप आहे. जनावराचं वजन, दूध, फॅट आणि उपलब्ध चारा भरला की ते मिश्रण सुचवतं. ते वापरावं असं मी आग्रहाने सांगेन.

प्रथिनांसाठी घरचं काय लावता येईल? पाणी असेल तर लसूणघास. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि पंचवीस ते तीस दिवसांनी कापणी येते. पाणी बेताचं असेल तर दशरथ घास, चवळी, बांधावर शेवगा किंवा सुबाभूळ. दोन गाईंमागे लसूणघासाचे तीन-चार गुंठे असले तरी फरक दिसतो. फक्त कोवळा, ओला घास सकाळी उपाशीपोटी देऊ नका, पोटफुगी होते. आधी थोडा कडबा खाऊ द्या.

कापणीची वेळ चुकली की चांगला चाराही वाया जातो. नेपियर पुरुषभर उंच झाला की डोळ्याला समाधान वाटतं, पण तोवर त्याचा दांडा लाकूड झालेला असतो आणि त्यातून मिथेनच जास्त निघतो. पहिल्या कापणीनंतर पुढच्या कापण्या पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी घेत जा. मुरघासासाठी मका दाण्यात चीक भरल्यावर, दाणा घट्ट होण्याआधी कापा. घट्ट दाबून, हवा काढून पंचेचाळीस दिवस बंद ठेवा. मक्यातल्या पिष्टामुळे कोठीपोटात प्रोपिओनेटचं प्रमाण वाढतं, तेवढा हायड्रोजन कमी उरतो. ज्वारी मात्र फुलोऱ्याच्या आधी कोवळी खाऊ घालू नका, किराळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा होऊन, जनावर दगावतं.

कुट्टी एक ते दीड इंचाची हवी. अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं खातं आणि दांडे तुडवतं. फार बारीक केला तर रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि कोठीपोट आंबट होतं.

पाणी चोवीस तास समोर असू द्या. दिवसातून दोनदा पाजणाऱ्या गोठ्यात चाऱ्यावरचा निम्मा खर्च तरी फुकट जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. मुक्त गोठ्यात हे आपोआप साधतं. खनिज मिश्रण दुभत्या जनावराला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम, पाकिटावरचं प्रमाण पाहून द्या.

पायरी ४: काड-पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया

कोकणातला भाताचा पेंढा आणि विदर्भ-मराठवाड्यातलं गव्हाचं काड यांच्यासाठी ही पायरी. चांगल्या कडब्याला तिची गरज नाही. कोठीपोटातले जिवाणू युरियापासून मिळणाऱ्या अमोनियाचं प्रथिन करू शकतात, शिवाय अमोनियाने काडाचा तंतू सैल पडतो. या प्रक्रियेने काडातली प्रथिनं तीन टक्क्यांवरून सातच्या आसपास जातात.

१०० किलो काडाला ४ किलो युरिया आणि ४० ते ५० लिटर पाणी लागतं. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, एकही खडा राहता कामा नये. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरा. वीस-वीस किलो काडाचे पाच थर द्या. प्रत्येक थरावर झारीने पाणी सारखं शिंपडा आणि पायाने तुडवून हवा काढा. वरून कागद झाका, कडांना माती लावा आणि एकवीस दिवस हात लावू नका.

उघडताना एका बाजूने उघडा. डोळ्यांना झोंबणारा वास येईल, काड पिवळट-तपकिरी झालेलं दिसेल. रोज लागेल तेवढंच काढा, तासभर पसरून वास उडू द्या, मग गव्हाणीत टाका. पहिल्या दिवशी किलोभर साध्या काडात मिसळून सुरुवात करा आणि आठवड्याभरात वाढवत न्या. बुरशी आलेला भाग फेकून द्या.

इथे गंभीर सावधानता हवी. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा नको, कारण त्यांचं कोठीपोट अजून पुरतं तयार नसतं. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाशी कधीही उघडं ठेवू नका, बादलीभर प्यायलं तर जनावर जातं. पेंडीत अंदाजाने युरिया मिसळायचा प्रयोग तर अजिबात करू नका.

पायरी ५: पेंड आणि तेल, दोन्ही मापात

पेंड वाढवली की किलोमागचा मिथेन कमी होतो, हे बरोबर आहे. धान्यावर पोसलेल्या परदेशी मांसाच्या जनावरांत मिथेनचा वाटा तीन टक्क्यांपर्यंत उतरतो. पण तो मार्ग आपला नाही. पेंड महाग आहे, आणि शुष्क पदार्थाच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेली की कोठीपोटाची आम्लता बिघडायला लागते. फॅट पडतं, पाय दुखतात, शेण पातळ होतं. लग्नातलं उरलेलं अन्न एकदम टाकल्याने गाय आडवी पडते ती याच कारणाने. भात आणि जिलेबी तासाभरात आंबते, आणि तंतू फोडणारे जिवाणू त्या आंबटपणात मरतात. अशा वेळी डॉक्टर कधी कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे सूक्ष्मजीवांचं बियाणंच नव्याने घालतात.

कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत, थोडा थोडा करा. सूक्ष्मजीवांची संख्या बदलायला तेवढा वेळ लागतो.

स्निग्ध पदार्थ कोठीपोटात आंबत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून हायड्रोजन सुटत नाही. शिवाय काही आम्लं आर्किया आणि प्रोटोझोआंना दडपतात. खाण्यात स्निग्धांश एक टक्का वाढला की मिथेन साधारण चार-पाच टक्के घटतो. आपल्याकडे यासाठी अख्खी सरकी उत्तम, दिवसाला अर्धा ते एक किलो. जवस किंवा सोयाबीनही चालतं. पण सगळं मिळून स्निग्धांश सहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तंतूचं पचनच बंद पडतं. बाटलीतलं तेल थेट पाजू नका.

पायरी ६: तुरट पाला

चिंचोक्याचं टरफल, बाभळीच्या शेंगा आणि सुबाभळीचा पाला यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. योग्य प्रमाणात ते आर्किया आणि प्रोटोझोआंवर मर्यादा घालतं आणि प्रथिनं कोठीपोटात वाया जाण्यापासून वाचवतं. दोन ते चार टक्के टॅनिन फायद्याचं असतं. पाचच्या वर गेलं की जनावर खाणंच कमी करतं.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्थेचं सांगणं आहे. आपल्या जनावरांवर, आपल्याच चाऱ्यावर झालेलं हे काम आहे, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

सुबाभळीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात जनावरं ती खाऊन आजारी पडत, केस गळत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्या मात्र तीच खुशाल खात. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात ते विष मोडणारा एक जिवाणू आहे. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत घातला तर तीही सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला पुढे त्यांच्याच आडनावावरून नाव मिळालं. महाराष्ट्रात सुबाभूळ पसरवण्यात उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ संस्थेचा मोठा हात आहे. आपण ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवावी, आणि गाभण जनावराला फारच बेताने द्यावी.

रिठा, लसूण, कडुनिंब यांवरही प्रयोगशाळांत काम झालं आहे. पण घरी कुटून घालायचं माप कुणी ठरवलेलं नाही, तेव्हा तो नाद नको.

पायरी ७: बाजारातली पुडी घेण्याआधी

दोन गोष्टींची जगभर चर्चा आहे. एक ३-नायट्रॉक्सिप्रोपॅनॉल, ‘बोव्हेर’ नावाने विकलं जाणारं. ते आर्कियांचं मिथेन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याचं विकर (एन्झाइम) अडवतं. दुभत्या गाईंत मिथेन सरासरी तीस टक्क्यांनी कमी होतो. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये त्याला वाट मोकळी करून दिली. दुसरं म्हणजे ॲस्पारागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ. कॅलिफोर्नियातल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मांसाच्या जनावरांचा मिथेन त्याने ऐंशी टक्क्यांहून जास्त घटवला. मात्र त्यातला ब्रोमोफॉर्म आणि आयोडीन यांचा दुधावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्याच्याबरोबर येतो.

दोन्ही रोज, चाऱ्यात एकजीव मिसळून द्यावी लागतात. दिवसभर चरणाऱ्या जनावराला ते जमत नाही. आणि दूध वाढेलच याची खात्री नाही. मिथेन वाचला म्हणजे ती ऊर्जा आपोआप दुधात उतरते, असं होत नाही. चारा सुधारला तर मिथेन आणि दूध दोन्हींवर परिणाम दिसतो. आर्किया नुसते अडवले तर एकावरच दिसतो.

कुणी विक्रेता आला तर चार प्रश्न विचारा. प्रयोग कुठल्या जनावरांवर आणि कुठल्या चाऱ्यावर झाला? किती आठवडे चालला? (पहिल्या महिन्यातला परिणाम पुढे सूक्ष्मजीव सरावल्यावर ओसरतो, असं वनस्पतिजन्य पुड्यांत अनेकदा घडतं.) मिथेन कशाने मोजला? दुधात काही उतरतं का? यीस्टची पुडी पेंड जास्त असलेल्या गोठ्यात कोठीपोट स्थिर ठेवायला मदत करते, पण मिथेनसाठी तिच्यावर विसंबू नका.

पायरी ८: रिकामे दिवस कमी करा

कालवड २८ महिन्यांत व्याली की ४० महिन्यांत, यातलं अंतर बारा महिने. दिवसाला सहा किलो खाणारी कालवड त्या बारा महिन्यांत ४७ किलो मिथेन सोडते. दोन वेतांतलं अंतर चौदाऐवजी अठरा महिने झालं तर चार महिन्यांचे आणखी वीस किलो. ही बचत कुठल्याही पुडीशिवाय होते.

याची सुरुवात वासरापासून होते. चीक पहिल्या तास-दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पाजा. दुसऱ्या आठवड्यापासून वासराचं खाद्य समोर ठेवा. दाण्याच्या आंबण्यातून निघणाऱ्या आम्लांनी कोठीपोटाच्या आतला थर वाढतो, नुसत्या दुधाने तो वाढत नाही. वेळेवर जंतनाशक आणि लसीकरण करा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर सकाळी रेतन करा. व्याल्यावर साठ ते नव्वद दिवसांत गाय भरवायचा प्रयत्न असू द्या, आणि दोनदा उलटली की तिसऱ्या रेतनाआधी गर्भाशय तपासून घ्या.

२०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे नको असलेले गोऱ्हे गोठ्यात किंवा रस्त्यावर वर्षानुवर्षं राहतात. लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरली तर दहातली नऊ वासरं माद्या होतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

पायरी ९: शेणातला मिथेन

तोंडावाटे जाणाऱ्या मिथेनच्या मानाने हा कमी, पण पाणी साचलेल्या शेणखड्ड्यात वाढतो. हवा न लागणाऱ्या ओल्या शेणात त्याच जातकुळीचे आर्किया कामाला लागतात. उकिरड्याचा ढीग उंचावर, कोरडा, अधूनमधून पालथा घातलेला असेल तर मिथेन फारसा बनत नाही. मूत्र वेगळ्या नालीने खड्ड्यात घ्या.

चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस बसतो. त्याला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. नवीन संयंत्राला पहिल्यांदा गाई-म्हशीचंच शेण घालावं, कारण गॅस करणारे सूक्ष्मजीव त्यातूनच येतात. गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. जळला की प्रश्न मिटतो, पण घुमटाच्या भेगेतून किंवा पाइपच्या सांध्यातून गळला तर संयंत्र बसवून उलट नुकसान. महिन्यातून एकदा सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहा, बुडबुडा आला की तिथे गळती आहे. गॅस जास्त तयार होऊन शेगडी बंद असेल तर तो हवेत सोडू नका. जनावरांसाठी पाणी तापवा, नाहीतर शेण घालणं एक दिवस थांबवा.